शांघायची मसाजची दुकानं: चिनी बोलायच्या सरावासाठी कोणतं निवडावं

शांघायमध्ये राहूनही ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलणाऱ्याला तासभर सलग बोलेल असा चिनी माणूस मिळणं कठीण. मसाजच्या दुकानात तो मिळतो, दुकान मात्र नीट निवडावं लागतं. निकाल आधीच सांगतो: सरावासाठी अंध शर्फूंचं दुकान पहिलं, पायांच्या मसाजचं दुसरं, आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी सजवलेला स्पा शेवटचा. शर्फू म्हणजे कारागीर; मसाज करणाऱ्या बाईला किंवा पुरुषाला याच नावाने हाक मारावी.

स्पाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काउंटरवर इंग्रजी, आत मंद दिवे आणि शांतता राखायचा रिवाज. अंगाला आराम, जिभेला सुट्टी, आणि दर दुप्पट-तिप्पट.

पायांच्या मसाजला 'त्सू-ल्याओ' म्हणतात. आधी दहा-पंधरा मिनिटं लाकडी बादलीत गरम पाण्यात पाय, तेवढ्यात शर्फू मागे उभं राहून मान-खांदे रगडतात. हा वेळ गप्पांना वाया जातो, कारण चेहरा दिसत नाही. पाणी चटका देत असेल तर 'थाय थांग ल' एवढं मात्र लगेच म्हणा. मग शर्फू समोर स्टुलावर बसतात आणि पुढची चाळीस मिनिटं खरी कामाची. अडचण एकच, भिंतीवरचा टीव्ही. मालिका चालू असेल तर शर्फूंचं अर्धं लक्ष तिकडे. सुरुवातीलाच आवाज कमी करायला सांगावं, कोणी वाईट मानत नाही.

अंध शर्फूंचं दुकान, 'मांगरेन आन्मो', जुन्या वस्त्यांत सहज सापडतं. तीन-चार खाटा, पांढऱ्या चादरी, अंगावरचे कपडे तसेच ठेवून वरून कापड टाकून दाबणं. तासाचे साधारण शंभर युआनच्या आसपास. इथे बोट दाखवून भागत नाही, मान डोलावूनही नाही. कुठे दुखतंय ते तोंडानेच सांगावं लागतं: वर म्हणजे 'वांग शांग', खाली 'वांग श्या', डावीकडे 'त्सुओ-प्येन', उजवीकडे 'यो-प्येन', बरोब्बर इथेच म्हणजे 'च्यो शर च-ली'. दुखण्याचेही प्रकार इथे वेगळे धरतात: स्नायू आंबल्यासारखे वाटले तर 'सुआन', मुंग्या आल्या तर 'मा', खरंच दुखलं तर 'थंग'. पहिल्या दोन शब्दांवर शर्फू खुशीत तसेच दाबत राहतात, तिसऱ्यावर हात हलका करतात. सगळ्यालाच 'थंग' म्हटलं तर तासभर नुसतं कुरवाळणं मिळेल.

उच्चार लिहिताना प-फ, त-थ, च-छ हा फरक मुद्दाम पाळला आहे. पिनयिनमधला, म्हणजे चिनीच्या रोमन लिपीतल्या लेखनातला, बी म्हणजे जवळपास आपला प, आणि पी म्हणजे फ. हा फरक मराठी कानाला आयता मिळतो. सूर मात्र आयते नाहीत (चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो), आणि एक चूक थेट बिलावर येते. जोर वाढवा आणि वेळ वाढवा, दोन्ही 'च्या चोंग'. जोरासाठी 'चोंग' वरून खाली आपटायचा, वेळेसाठी उंच आणि सपाट ठेवायचा. सूर चुकला तर जोराऐवजी वेळ वाढेल. म्हणून जोर हवा असेल तेव्हा 'चोंग ई त्येन', म्हणजे जरा जोरात, असंच म्हणावं. हलक्या हाताने हवं असेल तर 'छिंग ई त्येन'.

पालथं झोपून तोंड खाटेच्या भोकात असताना सूर ना नीट निघतात ना नीट ऐकू येतात. म्हणून महत्त्वाचं सगळं आडवं होण्याआधी सांगायचं: रक्तदाब असेल तर 'काओ श्वे-या', गरोदर असाल तर 'ह्वाय-युन', मधुमेह असेल तर 'थांग-न्याओ-पिंग'. मधुमेहात पायाची जाणीव कमी झाली असेल तर गरम पाण्याची बादली घ्यायचीच नाही, भाजलेलं कळत नाही.

गप्पांचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. कोणत्या देशाचे, चीनमध्ये किती दिवस, लग्न झालं का, पगार किती. शेवटचे दोन प्रश्न इथे आगाऊपणाचे समजत नाहीत. पगार सांगायचा नसेल तर 'हाय शिंग', म्हणजे ठीकठाक, पुरतं. उत्तरं घरून घोकून जा आणि उलट विचारा: 'लाओ-च्या', म्हणजे मूळ गाव, कुठलं? बरेच शर्फू आन्हुई, हूनान, सछ्वानसारख्या प्रांतांतून आलेले असतात आणि गावच्या जेवणावर भरभरून बोलतात. मुलांचा विषय मात्र त्यांनी काढला तरच. अनेकांची मुलं गावी आजी-आजोबांकडे असतात.

या गावांचे उच्चार पुस्तकासारखे नसतात. न आणि ल एकमेकांत मिसळतात, 'शर' (दहा) 'स' (चार) सारखं ऐकू येतं. पैशांचा आकडा म्हणून नेहमी मोबाइलच्या पडद्यावर बघून खात्री करावी. जुन्या एचएसकेची, म्हणजे चिनी भाषेच्या परीक्षेची, दुसरी पातळी, म्हणजे ३०० शब्द, हाताशी असतील तर गाडी चालते. त्याखाली दोघांनाही कंटाळा. भाषांतराच्या ॲपवर विसंबू नका, पालथं झोपल्यावर फोन हातात नसतो.

सुरुवातीला दर वेळी वेगळे शर्फू घ्या, तीच ओळख पुन्हा पुन्हा सांगून तोंडात बसते. मग एकाला धरा आणि नंबरने मागा: आठ नंबर, 'पा हाओ'. कामाच्या दिवशी दुपारी दोन ते पाच बरं. रात्री आठनंतर गर्दी असते, शर्फू दमलेले असतात. ते गप्प झाले तर गप्प राहावं, ते कामावर आहेत.

मध्येच कपिंग, म्हणजे अंगावर पेले चिकटवून कातडी ओढून धरणं, 'पा-क्वान', सुचवतील. त्याचे जांभळे गोल वळ बरेच दिवस राहतात. कान साफ करून देऊ म्हटलं तर सरळ नाही म्हणा. 'पू योंग, श्ये-श्ये' दोनदा म्हटलं की विषय संपतो. आगाऊ पैसे भरून घ्यायचं सवलतीचं कार्ड घेऊ नका. दुकान रातोरात बंद झालं की पैसे गेले. त्यापेक्षा ता-चोंग त्येन-फिंग ॲपवर एका वेळेचं कूपन घ्या. टिप द्यायची पद्धत नाही.