दार्जिलिंगची वाफेची जॉयराइड : लहान मुलांना घेऊन जावं का?

तीन ते आठ वर्षांचं मूल सोबत असेल तर जरूर जा, आणि दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेच्या दोन जॉयराइडपैकी (म्हणजे पर्यटकांसाठीच्या लहान फेऱ्यांपैकी) वाफेचीच घ्या. डिझेलची स्वस्त पडते. रूळ तेच, डोंगर तेच. पण मुलाच्या लेखी ती फार हळू चालणारी बस. वाफेच्या गाडीचे जास्तीचे पैसे जातात ते इंजिनासाठी. ते वसूल व्हायचे तर मुलाला इंजिनाजवळ उभं राहायला वेळ मिळाला पाहिजे. बहुतेक घरं इथेच चुकतात: गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी धावतपळत पोचतात, जागेवर बसतात आणि दोन तास फक्त धूर खाऊन परत येतात.

फेरी दार्जिलिंग ते घूम आणि परत. एका बाजूने जेमतेम सात किलोमीटर, थांबे धरून साधारण दोन तास. लहान मुलांची सहनशक्तीही साधारण तेवढीच, म्हणून हा पल्ला बरोबर बसतो. न्यू जलपायगुडीपासूनचा अख्खा ८८ किलोमीटरचा प्रवासही करता येतो, पण ती गाडी डिझेलवर चालते आणि सात तासांहून जास्त घेते. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की ती बंदच. लहान मुलांना घेऊन त्या वाटेला जाऊ नये. ही रेल्वे १८८१ मध्ये दार्जिलिंगला पोचली आणि १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानइतकंच. मात्र माथेरानची नेहमीची गाडी डिझेलवर चालते, त्यामुळे ‘आम्ही माथेरान केलंय’ म्हणून ही टाळू नका.

स्टेशनवर किमान ४० मिनिटं आधी पोचा. इंजिन तयार होताना बघण्यात खरी मजा आहे. ही ‘बी’ वर्गाची इंजिनं. १८८९ पासून याच घडणीची. चाकं फक्त चार. धुराडं, पाण्याची टाकी, कोळसा सगळं एकाच आटोपशीर अंगावर, त्यामुळे चार वर्षांच्या मुलालाही एका नजरेत समजतं: इथे कोळसा, इथे आग, इथे पाणी, आणि हा दांडा चाक फिरवतो. मुलाला आधी भट्टीचं दार उघडताना दाखवा. मग कोळशाच्या ढिगावर बसून हातोडीने मोठे गोटे फोडणारा माणूस दाखवा. आणि पुढच्या बाजूला इंजिनावर बसणाऱ्या वाळूवाल्यांना तर अजिबात चुकवू नका. धुक्याने रूळ ओले झाले की चढावर चाकं जागच्या जागी फिरू लागतात. संथ छुक्‌-छुक्‌ अचानक भराभर ऐकू येते, पण गाडी हलत नाही. मग ही माणसं हाताने रुळावर वाळू टाकतात, चाकांना पकड मिळते आणि गाडी पुन्हा चढू लागते. ही गंमत मुलाला आधी सांगून ठेवली, तर गाडी अडखळल्यावर ते घाबरत नाही, उलट वाळूची वाट बघतं.

घूम स्टेशन २,२५८ मीटरवर आहे आणि भारतातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन म्हणून ओळखलं जातं. दार्जिलिंग त्याच्या खाली. म्हणजे जाताना चढ: धूर, आवाज, दमछाक, सगळं याच बाजूला. येताना उतार: ब्रेकची कुरकुर आणि बरीचशी शांतता. मूल परतीत झोपलं तर झोपू द्या, काही बुडत नाही.

आता त्रासाचं. इंजिनाला लागून असलेल्या डब्यात कोळशाची कणी सर्वांत जास्त येते. घूमला इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावतात, त्यामुळे जाताना जो डबा पुढे, तो येताना मागे. दमा असलेल्या मुलाला चढाला मागचा डबा बरा. डोळ्यांना साधा गॉगल किंवा शून्य नंबरचा चष्मा चालतो. कणी डोळ्यात गेलीच तर चोळू देऊ नका, बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. पांढरे कपडे घरीच ठेवा. शिट्टी ही दुसरी अडचण. रूळ हिल कार्ट रोडला खेटून जातात, रस्ता पुन्हा पुन्हा ओलांडतात, म्हणून शिट्टी वाजतच राहते, आणि ती खेळण्यातली नव्हे. दोन-अडीच वर्षांची मुलं हमखास रडतात. कानटोपीखाली कापूस घाला किंवा आवाज रोखणारे हेडफोन न्या. बाजारात दुकानं खिडकीपासून हातभरावर येतात, तेव्हा मुलाचे हात आत आणि खिडकीशी मोठं माणूस, हा नियम कडक पाळा.

तिकीट आयआरसीटीसीवर काढता येतं. काढताना ‘स्टीम’ की ‘डिझेल’ हे दोनदा वाचा. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण सीटही नाही. दोन तास मांडीवर घ्यायची तयारी ठेवा. डबे लहान, बाबागाडी सोबत नकोच. डब्यात शौचालयाच्या भरवशावर राहू नका, निघण्याआधी स्टेशनवरच उरकून घ्या. कांचनजंगा दिसावं असं वाटत असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबरमधली सकाळची फेरी घ्या, दिवस चढला की ढग येतात. बागडोग्रा विमानतळावरून मोटारीने घाट चढून आलेल्या दिवशी मात्र फेरी ठेवू नका. वळणांनी मळमळलेलं मूल आणि कोळशाचा धूर ही जोडी वाईट.

वाटेतल्या बतासिया लूपला, म्हणजे रुळांच्या गोल वळशाला, दहाएक मिनिटं मिळतात. बाग, गुरखा सैनिकांचं स्मारक, फोटो, यांपैकी एकच काहीतरी होतं. आमचं मत: गाडी स्वतःलाच वळसा घालते ते मुलाला खिडकीतून दाखवा आणि उतरायची घाई करू नका. घूमला थांबा मोठा असतो. तिथलं संग्रहालय मोठ्यांना आवडेल. मुलांसाठी बाहेर ठेवलेलं ‘बेबी सिवोक’ हे चिमुकलं जुनं इंजिन पुरे. उरलेला वेळ इंजिनाची जागा बदलताना बघा.

मूल आठ-नऊच्या पुढचं असेल तर निलगिरीची गाडी सरस ठरेल. मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटर, चढायला जवळपास पाच तास. कल्लार ते कुन्नूर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिन गाडीला मागून ढकलतं. गाडी मेट्टुपालयमहून सकाळी सातच्या सुमारास निघते, त्यामुळे मुक्काम आदल्या रात्री तिथेच हवा. फक्त उटी-कुन्नूर एवढंच तिकीट काढून वाफेच्या इंजिनाची वाट बघू नका. त्या टप्प्यावर नेहमीच्या गाड्यांना डिझेल इंजिन असतं.