मामांच्या सायकलीतला तीन गिअरचा हब : स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू, वापर आणि देखभाल

माझ्या सायकलीच्या मागच्या हबवरची, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या आणि पोटात तीन गिअर बाळगणाऱ्या नळकांड्यावरची, तेलकट धूळ पुसली की 'एडब्ल्यू' ही अक्षरे आणि त्यांच्याशेजारी ५८ व ३ हे आकडे दिसतात. स्टर्मी-आर्चर या इंग्रज कंपनीच्या त्या काळच्या हबवर वर्ष आणि महिना असा ठोकून ठेवण्याची पद्धत होती, त्यामुळे हा हब मार्च १९५८ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे तयार झाला हे सांगायला कागदपत्रांची गरज पडत नाही. सायकल रॅले कंपनीची, मूळची माझ्या मामांची. नऊ वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली आणि तेव्हापासून पुण्यात कर्वेनगर ते गणेशखिंड अशी माझी रोजची ये-जा तिच्यावरच होते. हा परिचय त्या सायकलीचा नव्हे, केवळ तिच्या मागच्या हबचा आहे. कारण जुन्या बाजारात, नातेवाइकांच्या माळ्यावर किंवा वाड्याच्या बोळात असे हब अजूनही सापडतात आणि 'गिअर गेले आहेत' एवढ्याच निदानावर ते भंगारात जातात. माझ्या अनुभवात त्यांपैकी बहुतेकांचे काहीही गेलेले नसते.

आधी आतली रचना समजून घ्यावी, कारण बिघाडाचे निदान पूर्णपणे तिच्यावर अवलंबून आहे. हबच्या आसावरच, म्हणजे एक्सलवर, मधोमध वीस दात्यांचे एक चक्र कोरलेले असते आणि ते फिरत नाही. त्याच्याभोवती प्रत्येकी वीस दात्यांची चार छोटी चक्रे फिरतात आणि या चौघांना बाहेरून कवेत घेणाऱ्या कड्याला आतल्या बाजूने साठ दाते असतात. पायडलचा जोर कड्याला दिला आणि चार चक्रांच्या पिंजऱ्याकडून घेतला, तर ८० फेऱ्यांना ६० फेऱ्या मिळतात. तो पहिला गिअर, म्हणजे ७५ टक्के. जोर पिंजऱ्याला देऊन कड्याकडून घेतला, की हिशेब उलटतो आणि १३३ टक्क्यांचा तिसरा गिअर मिळतो. दुसऱ्या गिअरमध्ये जोर कड्याकडून थेट चाकाला जातो, दातेचक्रांचा त्यात काही संबंध उरत नाही. या एवढ्याशा गणिताला १९०२ पासूनचा इतिहास आहे. नाव हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांचे लागले, पैसा रॅलेच्या फ्रँक बोडेन यांचा होता आणि मूळ रचनेत ज्याचा मोठा वाटा होता त्या विल्यम रायलीचे नाव मात्र हबवर कुठेही नाही. एडब्ल्यू हा नमुना १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि किरकोळ फेरफार सोडले तर पुढची कित्येक दशके तसाच बनत राहिला. म्हणूनच एका हबचा भाग वीस वर्षे धाकट्या हबमध्येही बहुधा बसतो.

चाकाला जोर पोचवण्याचे काम कुत्ते करतात. फ्रीव्हीलच्या आतल्या, स्प्रिंगवर उचलल्या जाणाऱ्या त्या बोटाएवढ्याही नसलेल्या लोखंडी तुकड्यांना आपल्याकडचे मेस्त्री याच नावाने ओळखतात. या हबमध्ये कुत्त्यांच्या दोन जोड्या आहेत. डावीकडची जोडी पिंजऱ्यावर बसते आणि पहिल्या गिअरमध्ये चाक ओढते. उजवीकडची कड्यावर बसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चाक ओढते. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये चाक पिंजऱ्यापेक्षा वेगाने फिरत असल्यामुळे डावे कुत्ते रिकामे घसरत राहतात, आणि पायडल मारताना येणारी ती प्रसिद्ध टिकटिक त्यांचीच असते. पहिल्या गिअरमध्ये तेच कुत्ते कामाला लागलेले असल्याने टिकटिक थांबते. चालवताना कानावर पडणारा हा आवाज म्हणजे हबची नाडी आहे, आणि माझ्या पहिल्या मोठ्या बिघाडाचे निदान मला त्यावरूनच झाले.

सायकल घरी आली ती दिवाळीनंतर. डिसेंबरात असे होऊ लागले, की सकाळी सातला चांदणी चौकाच्या चढाला पहिला गिअर टाकावा तर पायडल गिरणीच्या पट्ट्यासारखे मोकळे फिरे, आणि दुपारी परतताना तोच गिअर निमूटपणे काम करी. गिअरची तार दोनदा ताणून पाहिली, ती ओढणारा खटका बदलला, काही उपयोग झाला नाही. मग एके दिवशी पहाटेच्या शांततेत लक्षात आले, की दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये सायकल चालत तर आहे, पण टिकटिक अजिबात येत नाही. याचा अर्थ डावे कुत्ते आत दबून बसले होते. घसरणारच नाहीत तर वाजणार कसे, आणि उठणारच नाहीत तर पहिल्या गिअरमध्ये चाक ओढणार कसे? मामांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. "अरे, दर महिन्याला न चुकता तेल सोडायचो मी," ते अभिमानाने म्हणाले, "शुद्ध खोबरेल!" खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते हे पुण्यातल्या प्रत्येक न्हाणीघरातल्या बाटलीला ठाऊक आहे. त्या बाटलीची जी गत होत होती, तीच हबच्या पोटात, केसासारख्या बारीक स्प्रिंगांच्या भोवती होत होती.

उपाय हब न उघडता झाला. पूर्वी हे काम रॉकेलवर होत असे. ते आता सहज मिळत नसल्याने मी डिझेल वापरले. तेलाच्या झाकणीतून दोन-तीन चमचे आत सोडायचे, चाक दहा मिनिटे फिरवत सगळे गिअर आलटून-पालटून टाकायचे आणि मग चाक काढून, डावी बाजू वर ठेवून, खाली जुन्या वर्तमानपत्राची चळत घालून ते रात्रभर आडवे ठेवायचे. सकाळी कागदावर चहाच्या गाळासारखा तपकिरी थर जमला होता. असे तीन वेळा केल्यावर कागद स्वच्छ राहिला, तेव्हा चमचाभर इंजिन ऑइल सोडले. दुचाकीत घालतात ते २०-४० चे तेल मी नऊ वर्षे वापरतो आहे आणि त्याबाबत माझी काहीच तक्रार नाही. शिवणयंत्राचे तेल फार पातळ असल्याने आठवड्यात बाहेर झिरपून आऱ्यांवर येते. एकदा चमचाभर तेल पोटात गेल्यावर महिन्याला पाच-सहा थेंब पुरतात. त्याहून जास्त सोडले तर ते रिमवर उतरते आणि मग ब्रेक लागेनासे होतात.

तेलाच्या जागी ग्रीस घालण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. एका दुकानात मी पंक्चरसाठी चाक सोडून आलो असता तिथल्या कारागिराने आपण होऊन झाकणीतून ग्रीस दाबून भरले आणि आता दोन वर्षे बघायला नको असे वर आश्वासनही दिले. बघावे लागले ते तिसऱ्याच दिवशी, आणि या खेपेला लक्षणे वेगळी होती : दुसरा गिअर टाकला की पहिल्यासारखा हलका लागे आणि तिसरा टाकला की दुसऱ्यासारखा. रचना माहीत असेल तर हे कोडे राहत नाही. कड्यावरचे उजवे कुत्ते ग्रीसमध्ये रुतले, की त्यांचे काम पिंजऱ्यावरचे डावे कुत्ते उचलून धरतात आणि प्रत्येक गिअर एक पायरी खाली उतरतो. ग्रीसची जागा फक्त छर्ऱ्यांपाशी, दोन्ही टोकांच्या धूळझाकणांच्या आत आहे.

त्या ग्रीसमुळे मला हब पहिल्यांदा पूर्ण उघडावा लागला, आणि ते काम लोक समजतात तेवढे भयंकर नाही. डावा कोन, म्हणजे आसावरचा शंकूच्या आकाराचा नट, काढला, उजवीकडची छर्ऱ्यांची वाटी पंच आणि हातोडीने घड्याळाच्या उलट दिशेने सैल केली, की सगळे पोट उजव्या बाजूने अखंड बाहेर येते. दोनच ठिकाणी सावध राहावे. त्या वाटीला दोन तोंडांचे आटे असतात, म्हणजे ती दोन वेगवेगळ्या जागांवरून आत शिरू शकते आणि चुकीच्या तोंडाने बसवली तर चाकाला आऊट येऊ शकतो, म्हणजे ते डगमगत फिरू शकते. म्हणून काढण्यापूर्वी वाटी आणि हब यांच्यावर समोरासमोर खूण करावी. मी बहिणीच्या नेलपॉलिशने केली आणि ती अजून टिकून आहे. दुसरे म्हणजे चार छोटी चक्रे ज्या पिनांवर बसतात त्या पिना सैलच असतात, त्यामुळे पिंजरा पालथा करताना खाली ताट हवे. परत जोडताना उजवा कोन बोटाने घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि तिथेच पक्का करायचा. चाकातली उरलेली हालचाल फक्त डाव्या कोनाने काढायची. रिमपाशी किंचित, जाणवेल न जाणवेल इतकी हालचाल राहू द्यावी.

तारेची जुळणी हा या हबचा खरा नाजूक भाग आहे, आणि निर्मात्याने त्यासाठी केलेली सोय मला फार आवडते. आसाच्या उजव्या टोकातून एक छोटी साखळी बाहेर येते आणि तिच्या मुळाशी एक दांडी असते. खटका दुसऱ्या गिअरवर ठेवून, उजव्या नटला असलेल्या खिडकीतून पाहिले असता दांडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसला पाहिजे. पुढेमागे असेल तर साखळीवरची नळी फिरवून तो आणायचा आणि लॉकनट आवळायचा. काम दोन मिनिटांचे आहे. तार सैल असेल तर दुसऱ्या गिअरच्या जागी मोकळी जागा येते, म्हणजे पायडल मोकळे फिरते, कारण जोर कड्याला द्यायचा की पिंजऱ्याला हे ठरवणारा आतला क्लच दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कशातच अडकलेला नसतो. तार जास्त ताणलेली असेल तर तिसरा गिअर पूर्ण बसत नाही आणि उभे राहून जोर दिला की निसटतो. तारेची जुळणी बिनचूक असूनही तिसरा निसटत असेल, तर क्लचचे कोपरे किंवा पिनांची डोकी झिजली आहेत असे समजावे आणि तेवढे दोन भाग बदलावेत.

ही मोकळी जागा म्हणजे या हबचा एकमेव गंभीर दोष, आणि तो रचनेतच आहे. मी स्वतः आळसाने सैल ठेवलेल्या तारेपायी एकदा नळस्टॉपच्या सिग्नलला पायडलवर उभा राहिलो आणि थेट मधल्या दांड्यावर आदळलो; पुढचे वर्णन टाळतो. तरीही सायकलला दोन चाके असतात म्हणून प्रकरण तेवढ्यावर भागते. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फ यांनी एकचाकी सायकलसाठी केलेल्या दोन गिअरच्या हबमध्येही अशीच ग्रहचक्रे, म्हणजे मधल्या चक्राभोवती फिरणारी छोटी चक्रे, असतात. त्यात एकास एक आणि एकास १.५५ असे दोनच गिअर आहेत व ते चालता चालता टाचेने क्रँकजवळचे बटण दाबून बदलतात. तिथे फ्रीव्हील नसल्यामुळे गिअर अर्धवट बसला तर स्वाराला पुढे कोसळण्यावाचून गत्यंतर नसते. दोन्ही हबमध्ये आणखी एक साम्य आहे : आतले काहीतरी स्थिर धरल्याशिवाय गिअर मिळत नाही, आणि जे स्थिर धरले त्याचा उलटा पीळ शेवटी फ्रेमवर येतो. आपल्या हबमध्ये तो पीळ आसावर येतो, म्हणून आसाच्या दोन्ही बाजू चपट्या असतात आणि फ्रेमच्या खाचेत अडकणारे खास वॉशर लावावे लागतात. ते वॉशर हरवून साधे घातले, तर आस हळूहळू फिरतो, तार गुंडाळली जाते आणि गिअर 'आपोआप' बिघडतात.

सुट्या भागांबाबत तक्रारी आहेत. आसाचे आटे इंचातले आणि बारीक, इंचाला २६ असे आहेत, त्यामुळे आपल्या दुकानांतला कोणताही नट त्यावर बसत नाही आणि जबरदस्तीने बसवला तर आटे मरतात. पंक्चर काढताना गिअरची साखळी सोडा, नट सोडा, वॉशर सांभाळा हा सोपस्कार भर पावसात नकोसा होतो. उलट रिमची अडचण येत नाही, कारण मागे चाळीस आरे ही इंग्रजी पद्धत आपल्या साध्या सायकलींनीही पाळली आहे. मूळचे १८ दात्यांचे मागचे चक्र पुण्याच्या चढांना जड पडते. पुढे ४८ दाते असताना पहिल्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेचार मीटर जाते. २२ दात्यांचे चक्र लावल्यावर ते अंतर साधारण ३.६५ मीटरवर आले आणि माझे गुडघे वाचले. चक्र एका सर्कलिपवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या तारेच्या कड्यावर, धरलेले असते, स्क्रूड्रायव्हरने पाच मिनिटांत बदलते.

कंपनी २००० मध्ये तैवानच्या सनरेसकडे गेली. तिथे बनलेल्या नव्या तीन गिअरच्या हबमध्ये ती धोक्याची मोकळी जागा काढून टाकलेली आहे, त्यामुळे ज्याला देखभालीची हौस नाही त्याने नवाच घ्यावा. पाठीवर पिशवी घेऊन वेगाने लांब पल्ला मारणाऱ्याला तीन गिअर अपुरे पडतील. रोज दहा-पंधरा किलोमीटर, धुळीतून आणि पावसातून, सिग्नलला थांबल्या जागी गिअर बदलत जाणाऱ्याला मात्र मी जुना एडब्ल्यू बिनदिक्कत सुचवेन.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी असा हब दिसला, तर हातात चाक घेऊन आसातली छोटी साखळी पूर्ण सैल सोडावी आणि मागचे दातेचक्र पुढे फिरवावे : चाक चक्रापेक्षा वेगाने फिरले पाहिजे आणि टिकटिक यायला हवी. साखळी पूर्ण ओढून धरली की चाक चक्रापेक्षा हळू फिरले पाहिजे आणि आवाज थांबायला हवा. टिकटिक नसेल तर घाबरू नये, ते बहुधा सुकलेले तेल असते आणि भाव पाडायला उपयोगी पडते. खिडकी असलेला उजवा नट आणि दोन्ही वॉशर जागेवर आहेत ना, हे मात्र पैसे देण्याआधी पाहावे. मला गेल्या पावसाळ्यात हरवलेला तो नट अजून मिळालेला नाही.