फायबर की एअरफायबर? घोडबंदर रोडवरून

2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, पण आमच्या घरात खरी पंचाईत लॉकडाऊनमध्ये झाली. वन बीएचकेत मुलीची ऑनलाइन शाळा, नवऱ्याची मीटिंग आणि सासूबाईंचं कीर्तन, सगळं एका हॉटस्पॉटवर. त्याने दुपारीच मान टाकली. तेव्हा फायबरचं इंटरनेट घेतलं.

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार, तिच्यातून प्रकाश धावतो. अपलोडही डाउनलोडइतकं मिळू शकतं आणि पाऊस पडला म्हणून सिग्नल ढेपाळत नाही. दुखणं आहे ते रस्त्याचं, खोदकामात तार तुटते. आमच्या रस्त्यावर मेट्रो 4 च्या कामाचा जेसीबी दिसला की माझी नजर आधी फायबरच्या डब्यावर, नेट गेल्याच्या लाल दिव्याकडे जाते. मग केबलवाल्या दादाला फोन. ‘ताई, बघतो.’ एकदा हे बघणं तीन दिवस चाललं!

एअरफायबर, म्हणजे तारेऐवजी मोबाइल टॉवरवरून येणारं घरचं इंटरनेट, 2023 पासून मिळतंय. गच्चीवर छोटा अँटेना, तोंड टॉवरकडे. खोदकामाची भानगड नाही. पण टॉवर सगळ्यांचा. रात्री मॅचच्या वेळी वेग घसरू शकतो. शिवाय गच्चीसाठी सेक्रेटरींची परवानगी लागते, आणि ती टॉवरहून उंच.

घरून काम असेल तर फायबरच घ्या. दर अकरा महिन्यांनी सामान बांधणाऱ्यांना एअरफायबर बरं. कळव्याच्या माझ्या जावेने तेच घेतलंय. मी फायबरवरच आहे, मोबाइलचं रिचार्ज हाताशी ठेवून.