परसातल्या शेडचे पत्रे: डागडुजी करायची की नवे टाकायचे?

नाशिकमध्ये जुन्या बंगल्यांच्या मागे किंवा मखमलाबाद-म्हसरूळकडच्या मळ्यांत पत्र्याची एखादी शेड हमखास असते. आत द्राक्षांचे क्रेट, फवारणीचा पंप, सरपण. वळवाच्या पहिल्या सरीला ती गळते आणि घरात चर्चा सुरू होते. माझं मत आधीच सांगतो: पत्रा पाहून निर्णय घेऊ नका, खालचा सांगाडा पाहून घ्या.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. भर दुपारी शेडमध्ये जाऊन दार लावून घ्या आणि डोळे अंधाराला सरावू द्या. भोक असेल तिथे उजेडाचा ठिपका दिसतो, त्याच्या शेजारी खडूने खूण करा. थेंब पडतो तिथेच भोक असेल असं नाही. पाणी अँगलच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीच्या, कडेने बरंच खाली वाहत येतं. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला बाष्प साचूनही थेंब पडतात. ती गळती नव्हे. तिथे डांबर थापून काही होत नाही, वरच्या बाजूला हवा खेळायला जाळी ठेवावी लागते.

ठिपके बहुतेक जे-हुकांभोवतीच (पत्रा अँगलला धरून ठेवणारे वाकडे हुक) असतील तर डागडुजी पुरते. हुकाखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होतो, नखाने दाबला की तुकडा पडतो. असे हुक-वॉशर बदलले, दोन पत्र्यांच्या जोडात सीलंट भरलं, एखादा फाटका पत्रा बदलला, की काम झालं. खर्च थोडा आणि एका दिवसात उरकतं.

पण जोडाखाली, जिथे पत्र्यावर पत्रा चढतो तिथे, स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. पापुद्रे सुटून टोक आरपार गेलं तर वरून रंग आणि डांबरी पट्ट्या लावण्यात पैसे घालवू नका, दरवर्षी तेच करत बसाल. पत्रे बदला. अँगल भिंतीत शिरतो तिथे गंजून पातळ झाला असेल किंवा लाकडी वाशांना वाळवी लागली असेल, तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून आधी सांगाडा दुरुस्त करा. जुन्या पत्र्यावर नवा चढवण्याचा मधला मार्ग बरेच जण सुचवतात. मला तो मुळीच पटत नाही: दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि खालचा गंज दिसेनासा होतो.

जुने पत्रे सिमेंटचे असतील तर विशेष जपा. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचे तंतू श्वासातून गेले तर कर्करोग होऊ शकतो. म्हणून ते ग्राइंडरने कापू नका, फोडू नका. पाणी मारून ओले करा, हुक सोडवून अख्खे उतरवा. तडा नसेल, गळत नसेल, तर असा पत्रा न छेडता ठेवणंच शहाणपणाचं. त्यावर थेट पाय तर कधीच देऊ नका. अँगलवर आडवी फळी टाकूनच चढा, जुना पत्रा माणसाच्या वजनाने अचानक तुटतो.

नव्यात निवड साध्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा) आणि कलर कोटेडमध्ये. फक्त सामान ठेवायचं असेल तर जीआय चालतो. एप्रिलच्या उन्हात आत माणूस किंवा गाय-वासरू असणार असेल तर फिकट रंगाचा कलर कोटेड घ्या, खाली इन्सुलेशन लावा. दोन्ही सिमेंटच्या पत्र्यापेक्षा बरेच हलके. सांगाड्यावरचा भार कमी होतो, पण वळवाच्या वाऱ्यात छप्पर उचललं जायची भीती वाढते. म्हणून अँगल भिंतीला पक्का बांधून घ्या आणि कडेच्या ओळीत स्क्रू जवळजवळ मारा. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पाऊस कितीतरी जास्त, तिथे उतार आणि जोडावरचा चढ वाढवा. सिन्नरकडे तेवढी गरज नाही.

सातपूर-अंबडकडच्या फॅब्रिकेटरला दर विचारताना जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मागा, आणि ती रंगासकट की रंगाशिवाय हेही विचारा. शेडसाठी 0.50 मिमी मागा, 0.35 मिमीचा स्वस्त पत्रा गारांनी चेपतो. स्क्रू, रिज (माथ्यावरच्या जोडाची टोपी), पन्हळ आणि जुने पत्रे उतरवण्याची मजुरी त्या दरात आहे का, हेही बघा.

काम संपलं की त्याच संध्याकाळी छतावरचा लोखंडी कीस ब्रशने झाडून घ्यायला सांगा. तो रात्रीच्या दवाने गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे डाग पडतात.