चार हजार चारशे रुपयांचे दोन क्यूआर कोड

ठाण्यात पाचपाखाडीला राहणारे आम्ही दोघे गेल्या जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी जर्मनीतील मानहाइम येथे मुलीकडे गेलो होतो. निघण्यापूर्वी आमच्या गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप गटावर 'संपूर्ण युरोप, ३० दिवस, अमर्याद डेटा, प्रवासी ई-सिम फक्त २,२०० रुपये' अशी जाहिरात आली होती. (ई-सिम म्हणजे कार्ड न घालता, क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये उतरवायचे सिम.) ही जाहिरात कोणी टाकली याची चौकशी मी केली नाही. आपल्याच गटावर आली म्हणजे कोणाच्या तरी ओळखीची असणार, असे मी गृहीत धरले.

फोनवर बोलणारा तरुण नम्र होता. ही ई-सिम थेट कंपनीकडून का घेता येत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, "काका, त्या कंपन्यांची ॲप्स इथे बंद केली आहेत, म्हणून आमच्यामार्फत घ्यावं लागतं." यात अर्धे सत्य होते. परदेशी सिम भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये दोन मोठ्या परदेशी कंपन्यांची ॲप्स व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश निघाले होते. मात्र हाच नियम सांगणाऱ्याकडे ते प्रमाणपत्र आहे का, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी यूपीआयने दोघांचे मिळून ४,४०० रुपये पाठवले आणि अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर दोन चित्रे आली. दोन्ही चित्रांत नुसता क्यूआरचा चौकोन होता. त्याखाली एरवी असणारा ऑर्डर क्रमांक आणि हाताने भरायचा कोड कापून टाकलेला होता.

माझी ई-सिम त्याने फोनवर सूचना देत गुरुवारी रात्री आठ वाजता ठाण्यातच बसवून घेतली. पत्नीची मात्र तिकडे उतरल्यावरच बसवा, नाहीतर दिवस वाया जातील, असे त्याने बजावले. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे असे का, हे मी विचारले नाही. माझ्या फोनवर 'ई-सिम जोडली गेली' अशी ओळ उमटली आणि तिनेच माझा घात केला. ई-सिमच्या क्यूआरमध्ये कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि आपली ई-सिम ओळखणारा, बहुधा एकदाच चालणारा जुळणी-कोड एवढेच असते. किती दिवस, किती जीबी, कोणते देश, यांतले त्यात काहीच नसते. त्यामुळे ती बसली याचा अर्थ फक्त ती बसली एवढाच होतो.

मंगळवारी सकाळी फ्रँकफुर्टला उतरल्यावर माझ्या फोनवर नेटवर्क आले. विमानतळाच्या वायफायवर मी माझ्या पडद्यावर दुसरा क्यूआर धरला, पत्नीने तिच्या फोनचा कॅमेरा त्यावर नेला, आणि 'हा कोड आता वैध नाही' असे उत्तर आले. पाचही वेळा तेच. विक्रेत्याला कळवल्यावर त्याचे उत्तर एका ओळीचे होते: "काकूंच्या फोनचा प्रॉब्लेम आहे." फोन बरा होता. विकत घेण्यापूर्वीच आम्ही स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून ई-सिमचा ३२ अंकी ईआयडी क्रमांक दिसतो, म्हणजे फोनमध्ये ई-सिमची सोय आहे, याची खात्री केली होती. एवढी एक काळजी मी घेतली होती, म्हणून नमूद करतो.

गुरुवारी आम्ही हायडेलबर्गला गेलो होतो. नेकार नदीवरच्या जुन्या पुलावर उभे राहून परतीची ट्राम शोधत असताना नकाशा थांबला आणि पुन्हा हलला नाही. घड्याळात दुपारचे साडेचार वाजले होते, म्हणजे ठाण्यात रात्रीचे आठ. ई-सिम बसवल्याला बरोबर सात दिवस झाले होते. हा हिशेब त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही. विचारत विचारत स्थानक गाठले.

उलगडा घरी जावयांनी केला. त्यांनी दोन्ही क्यूआरमधला मजकूर एका ॲपने वाचून शेजारी शेजारी ठेवला, तेव्हा तो अक्षरशः एकच निघाला. म्हणजे एकच ई-सिम आम्हा दोघांना विकली होती, आणि ती माझ्या फोनवर आधीच बसलेली होती. चित्रांचे आकार तेवढे वेगळे होते, आणि क्यूआर काही डोळ्यांनी वाचता येत नाही. मग फोनच्या सेटिंगमधला आयसीसीआयडी, म्हणजे त्या सिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, मूळ कंपनीच्या मदत कक्षाला कळवला. उत्तर आले की हा पॅक केवळ जर्मनीचा, ७ दिवसांचा, ३ जीबीचा असून मुदत बसवल्या क्षणापासून मोजली जाते. मात्र खरेदी दुसऱ्याच ई-मेलवर झालेली असल्यामुळे परतावा किंवा मुदतवाढ आम्हाला मागता येणार नाही. सगळ्या प्रकरणाची गोम इथे आहे. ज्याच्या ई-मेलवर आणि कार्डावर खरेदी होते, पॅक त्याचा. पैसे माझे होते, तरी कंपनीच्या दप्तरी मी कोणीच नव्हतो.

उरलेले दिवस आम्ही आमच्याच भारतीय सिमवर, त्या सिमच्या कंपनीच्या ॲपमधून रोमिंग पॅक घेऊन काढले. ते सिम चालू ठेवले होते हे बरे झाले, कारण अशा डेटापुरत्या ई-सिमला फोन क्रमांक नसतो आणि बँकेचे ओटीपी जुन्या क्रमांकावरच येतात. पॅक मिळेपर्यंत त्याचे डेटा रोमिंग मी बंदच ठेवले होते.

ठाण्याला परतल्यावर पोलिसांत जातो असा संदेश पाठवताच विक्रेता एकदम बोलू लागला आणि 'रिफंडसाठी' त्याने तिसरा क्यूआर पाठवला. मी स्कॅन केल्यावर पडद्यावर ४,४०० रुपये आणि त्याखाली पिनसाठी रिकाम्या जागा दिसल्या. बँकेत बत्तीस वर्षे काढलेली पत्नी मागून म्हणाली, "अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?" ते पैसे माझ्याच खात्यातून जाणार होते.

त्यानंतर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि सायबर गुन्हे पोर्टलवर यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, संभाषणाची चित्रे व कंपनीचे उत्तर जोडून तक्रार नोंदवली. पोर्टलवरची तक्रार मानहाइमहून त्याच दिवशी करता आली असती. मी ती तीन आठवडे लांबवली आणि तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. ४,४०० रुपये अद्याप परत मिळालेले नाहीत.

सप्टेंबरमध्ये त्याच मजकुराची जाहिरात आमच्या गटावर पुन्हा आली. देश व्हिएतनाम होता, क्रमांक नवा होता, आणि आमच्याच इमारतीतील एका कुटुंबाने 'किती जणांचे घेता येईल?' असे खाली विचारलेही होते. मी त्यांना तेथेच कळवले की पॅक तुमच्या ई-मेलवर घेऊन देणार का आणि मुदत कोणत्या क्षणापासून सुरू होते, एवढे दोनच प्रश्न आधी विचारा. त्यांनी ते गटावर सर्वांसमक्ष विचारले. दहा मिनिटांत जाहिरात काढून टाकलेली होती.