अपडेट बसतं आणि मागे फिरतं: रिफर्बिश्ड लॅपटॉपवर विंडोज ११, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग कारणं. लॅपटॉप चांगला आहे, आज रोज आठ-दहा तास चालतो आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर असाच घेईन. पण विकत घेतल्यापासून पहिले काही महिने त्याच्यावर विंडोजचं एकही मासिक अपडेट धड बसलं नाही. हा प्रश्न सुटला कसा, हेच मला खरं लिहायचंय. स्क्रीन आणि कीबोर्डबद्दल माहिती कुठेही मिळते. अपडेट पडलं की मात्र जो तो एकच उपाय सांगतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

आमचं नारायण पेठेत अक्षरजुळणीचं छोटं ऑफिस आहे. पुस्तकं, स्मरणिका, आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक. जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे आधीपासून जाहीर होतं आणि त्या मशीनचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नव्हता. म्हणून बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास चार दुकानं हिंडून एक वापरलेला बिझनेस लॅपटॉप घेतला. आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय). म्हणजे विंडोज ११साठी अधिकृतपणे पात्र, कुठलीही पळवाट न काढता. कीबोर्ड दणकट, स्क्रीन ठीकठाक, बॅटरी जेमतेम. आम्ही चार्जर लावूनच काम करतो, त्यामुळे बॅटरीची तक्रार नाही.

मशीन आलं तेव्हा त्यावर विंडोज ११ची २३एच२ ही आवृत्ती होती. होम आणि प्रो या दोन्हींसाठी तिचा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ला संपणार होता. त्याआधी २४एच२ या पुढच्या आवृत्तीवर जाणं भाग होतं. आणि इथे साधं महिन्याचं सुरक्षा अपडेटही बसेना.

व्हायचं असं: डाउनलोड पूर्ण, इन्स्टॉल शंभर टक्के, रीस्टार्ट मागितलं, दिलं. पडद्यावर पस्तीस-छत्तीस टक्क्यांपर्यंत आकडा चढायचा, मग मशीन पुन्हा चालू व्हायचं आणि ‘अपडेट पूर्ण करता आलं नाही, बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाची ओळ. ते मागे घेणंही चांगलं अर्धा-पाऊण तास चालायचं. नंतर अपडेट हिस्टरीत एरर कोड ०एक्स८००एफ०९२२. दुसऱ्या दिवशी विंडोज तेच अपडेट पुन्हा उतरवून घ्यायचं आणि पुन्हा तेच. ऐन दिवाळी अंकाच्या गर्दीत, लेखक दुरुस्त्या फोनवर सांगत असताना, मशीन ‘बदल मागे घेत’ बसलेलं परवडत नाही.

ही अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे पुण्यातल्या ऑफिसला ती भेटतात बुधवारी सकाळी, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची शक्यता असतेच. बुधवारी संध्याकाळी रीस्टार्ट देऊन घरी निघून जाणं आणि रात्रभर त्याला वेळ देणं, हे आमच्याकडे आता ठरूनच गेलंय. अपडेट बसत असताना वीज गेली तर जे बिघडतं ते निस्तरायला बराच वेळ जातो, तेव्हा चार्जर आणि बॅटरी दोन्ही जाग्यावर हवेत.

दुकानात फोन केला. उत्तर तयारच होतं, “फॉरमॅट मारून देतो मॅडम, दोन तासांचं काम.” ओळखीच्या दोघांनीही हेच सांगितलं. अक्षरजुळणीच्या मशीनवर फॉरमॅट म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. जुन्या पुस्तकांच्या फायली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत, त्यातला एखादा फॉन्ट हुकला की शे-दोनशे पानं वाचता येत नाहीत. सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्यासाठी मशीनला लावायची चावी) आहे, त्याचा ड्रायव्हर जुना आहे. आमच्या मुद्रितशोधक काकांनी कित्येक वर्षं जमवलेली शब्दांची यादी आहे. हे सगळं परत उभं करायला दोन तास नाही, आठवडा लागतो.

आणि दुसरं, जे मला नंतर कळलं आणि जे प्रत्येकाला माहीत असायला हवं: दुकानात ‘फॉरमॅट’ म्हणतात ते बहुतेकदा फक्त सी ड्राइव्हचं असतं. बिघाड सी ड्राइव्हच्या बाहेर असेल तर फॉरमॅटनंतरही तो तसाच राहतो. आमच्या मशीनचा बिघाड नेमका तिथेच होता.

अपडेट पडलं की पहिला प्रश्न हा विचारावा: ते कुठल्या टप्प्यावर पडतंय? डाउनलोड होतानाच पडत असेल तर नेटवर्क, तारीख-वेळ, किंवा उतरवलेल्या फायलींची साठवण बिघडलेली असते. डाउनलोड होऊन रीस्टार्टच्या आधी पडत असेल तर विंडोजचं स्वतःचं कोठार, म्हणजे कंपोनंट स्टोअर, खराब झालेलं असण्याची शक्यता मोठी. आणि रीस्टार्टनंतर मागे फिरत असेल तर बूटशी संबंधित काहीतरी, नाहीतर एखादा ड्रायव्हर. हे तीन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी आहेत. तरी सगळीकडे एकच यादी फिरते: ट्रबलशूटर चालवा, सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन फोल्डरचं (उतरवलेली अपडेट्स इथे साठतात) नाव बदला, सर्व्हिसेस बंद करून चालू करा. यातलं नाव बदलण्याचं काम उपयोगी आहे, पण पहिल्या टप्प्याच्या बिघाडावर. आमचं डाउनलोड तर दर वेळी नीट होत होतं. ते फोल्डर रिकामं केल्याने एवढंच झालं की सगळं पुन्हा उतरवावं लागलं.

एक चाचणी मला फार आवडली. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर केबी क्रमांक (अपडेटचा ओळख क्रमांक) टाकून तीच फाइल थेट उतरवता येते आणि डबल क्लिक करून बसवता येते. तशी बसवूनही तोच कोड आला, तर नेटवर्क निर्दोष आहे हे कळतं आणि अर्धी यादी गळून पडते. आमच्याकडे तसंच झालं. मागच्या महिन्यांची हुकलेली अपडेट्स एकेक करून शोधत बसायचं नाही, हेही सांगते. मासिक अपडेट एकत्रित असतं, ताजं बसलं की मागचं सगळं त्यात येतं.

मग डिझम आणि एसएफसी, म्हणजे विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड. दोन्ही कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून चालवायच्या, आधी डिझमची ‘रिस्टोअरहेल्थ’, मग एसएफसीची ‘स्कॅननाऊ’. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एसएफसी ज्या कोठारातून चांगल्या फायली घेते ते कोठार डिझम दुरुस्त करते. डिझम ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबते. ती अडकलेली नसते, खिडकी बंद करू नये. आणखी एक गोष्ट लोक सांगत नाहीत: डिझम चांगल्या फायली मुळात विंडोज अपडेटकडूनच मागवते. अपडेटच बिघडलेलं असेल तर ती ०एक्स८००एफ०८१एफ देऊन हात वर करते. तेव्हा त्याच आवृत्तीची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कची प्रत, उतरवून तिचा पत्ता द्यावा लागतो. आमच्या मशीनवर दोन्ही कमांड स्वच्छ गेल्या. कोठार ठीक होतं. हाही निकालच आहे, आजार कुठे नाही हे कळलं.

उरला लॉग, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं ती नोंदवही. विंडोज फोल्डरमध्ये लॉग्ज, त्यात सीबीएस, त्यात सीबीएस नावाचीच फाइल. उघडली की घाबरायला होतं, हजारो ओळी. वरून वाचायचीच नाही. अपडेट मागे फिरलं ती वेळ लक्षात ठेवायची, त्या वेळेच्या आसपास जायचं आणि ‘एरर’ हा शब्द शोधायचा. तिथे बूट फायली लिहिण्याचं काम फसल्याची ओळ होती आणि शेवटी ०एक्स७०. साध्या आकड्यात ११२, आणि विंडोजच्या भाषेत ११२ म्हणजे डिस्क भरली. सी ड्राइव्हवर तर शंभर जीबी मोकळे होते! मग भरली कुठली डिस्क?

ईएफआय पार्टिशन. मशीन चालू होताना ज्या फायली सगळ्यात आधी लागतात त्यांच्यासाठी डिस्कच्या सुरुवातीला राखलेला हा छोटा तुकडा. दाराशी चाव्या ठेवायचा कोनाडा असावा, तेवढीच जागा, आमच्याकडे १०० एमबी. अपडेट रीस्टार्टनंतर इथे नव्या बूट फायली लिहायला जातं, जागा मिळत नाही, आणि सगळं मागे फिरतं.

आता डिस्क मॅनेजमेंट उघडून बघितलं तर हा तुकडा ‘१०० टक्के मोकळा’ दिसतो. हा आकडा खरा नसतो. त्या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर नसल्याने विंडोज आत डोकावतच नाही आणि सरळ मोकळं दाखवतं. कितीतरी लोक इथूनच परत फिरत असतील. खरा आकडा बघायचा तर अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल एस: /एस’ द्यायची, म्हणजे पार्टिशनला एस हे अक्षर मिळतं. मग त्यात जाऊन ‘डीआयआर’ दिली की शेवटच्या ओळीत मोकळ्या बाइट्सचा आकडा येतो. आमच्याकडे तो पाच एमबीसुद्धा नव्हता.

जागा खाल्ली होती दोन गोष्टींनी. एक, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं फोल्डर, त्यात बायोसच्या (मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) जुन्या अपडेटच्या फायली पडून होत्या. दोन, मायक्रोसॉफ्टच्या बूट फोल्डरमधले फॉन्ट. हे फॉन्ट फक्त बूटच्या पडद्यावर निरनिराळ्या लिपी दाखवण्यासाठी असतात. आपल्या अक्षरजुळणीच्या फॉन्टशी त्यांचा काही संबंध नाही, आणि जागा करायला ते काढावेत असं मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मार्गदर्शनातच आहे. कंपनीच्या फोल्डरबाबत मात्र हात आखडता ठेवावा. मी सगळं आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, मग जुन्या बायोसच्या प्रती काढल्या, बाकी कशाला हात लावला नाही. त्याच पार्टिशनमधलं ‘बूट’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डर अख्खं उडवलं तर मशीन चालूच न होण्याची भीती असते.

त्याआधी एक काम अत्यंत महत्त्वाचं: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते बघणं. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायची आणि संरक्षण तात्पुरतं थांबवायचं. बूटच्या भागात काही बदललं की मशीन ती की मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा गेला. वापरलेल्या लॅपटॉपवर ही की आधीच्या मालकाच्या खात्यात तर नाही ना, हेही तपासावं.

जागा झाली आणि अपडेट पहिल्याच रीस्टार्टला बसलं. छत्तीस टक्क्यांवर आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे होतो, काका आणि मी. आकडा पुढे सरकला तेव्हा काकांनी टाळी वाजवली. नंतर आयएसओतून सेटअप चालवून, फायली आणि प्रोग्रॅम तसेच ठेवून, २४एच२ घेतलं. फॉन्ट, डोंगल, शब्दांची यादी, सगळं जागच्या जागी. पुढे २५एच२ तर अगदी छोटं निघालं, कारण ते २४एच२च्याच पायावर आहे आणि नवे भाग आधीच आत येऊन पडलेले असतात.

त्यानंतरचे सगळे महिने अपडेट बुधवारी संध्याकाळी बसतं आणि सकाळी मशीन तयार असतं. ईएफआयमधली मोकळी जागा मी अधूनमधून बघते. एक असमाधान आहे: तुकडा अजून १०० एमबीचाच आहे. पुढे एसएसडी मोठी घालू तेव्हा जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) न करता हा तुकडा मोठा करून घेणार.

याच काळात ऑफिसातल्या स्कॅनरच्या डेस्कटॉपनेही अपडेट नाकारलं. तिथे कोड होता ०एक्स८००७२एफ८एफ. हा जवळजवळ नेहमी तारीख-वेळेचा असतो. घड्याळ मागे पडलं की सुरक्षा प्रमाणपत्रं जुळत नाहीत आणि सर्व्हरशी बोलणंच होत नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण बॅटरी बदलली, वेळ लावली, संपलं. त्या मशीनलाही कुणीतरी फॉरमॅटच सुचवलं होतं.

वापरलेला लॅपटॉप घ्यायला जाणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच तीन गोष्टी बघा. ‘विनव्हर’ ही कमांड देऊन विंडोजची आवृत्ती कुठली ते. अपडेट हिस्टरीत एकाच केबीपुढे ‘फेल्ड’ पुन्हापुन्हा आलंय का ते. आणि माउंटव्हॉल देऊन ईएफआयमध्ये खरंच जागा किती ते. पाच मिनिटांचं काम आहे आणि दुकानदार अडवत नाहीत. आकडा कमी निघाला तर अख्खी डिस्क, सगळी पार्टिशनं काढून, नव्याने विंडोज घालून मागा. मशीनवर तुमचं काही नसतं तेव्हाच ते सोपं असतं.