शेवटच्या गाण्यातला षड्ज-पंचम: फिशर-डिस्काऊ आणि मूर यांचं 'विंटररायजे'

मी हार्मोनियमची साथ करतो. त्यामुळे कुठलीही रेकॉर्ड लावली की माझा कान आधी गायकाकडे जात नाही, शेजारी कोण बसलंय तिकडे जातो. ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टच्या 'विंटररायजे' (म्हणजे 'हिवाळी प्रवास') या जर्मन गाण्यांच्या मालेची डॉयचे ग्रामोफोननं काढलेली १९७१ ची रेकॉर्ड मला आवडली ती त्याच कानानं. गायक डीट्रिश फिशर-डिस्काऊ, पियानोवर जेराल्ड मूर. मूर तेव्हा सत्तरी ओलांडलेला, १९६७ मध्येच मैफली सोडलेला. त्याच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'मी फार मोठ्यानं वाजवतोय का?' अशा अर्थाचं आहे. आमच्याकडच्या काही साथीदारांनी हे नाव पेटीच्या झाकणावर लिहून घ्यावं.

मामला असा. विल्हेल्म म्यूलरच्या चोवीस कविता, त्यांना शुबर्टनं १८२७ मध्ये चाली लावल्या. प्रेमात हरलेला एक माणूस ऐन हिवाळ्यात रात्रीचा गाव सोडून चालायला लागतो, एवढीच गोष्ट. सव्वा तासाच्या आसपास ऐकणं आहे. पुढच्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी, शुबर्ट गेला.

पहिल्या गाण्यावर त्यानं लय लिहून ठेवली आहे: मध्यम, चालण्याच्या गतीची. सगळी मेख इथेच आहे. दुःखाचं गाणं म्हटलं की लय पाडायची खोड तिकडच्यांनाही आहे. इतकं सावकाश गातात की माणूस गाव सोडून निघालाय की फाटकापाशीच उभा आहे, कळत नाही. कोल्हापुरात, जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात वाढलेल्याला हे चटकन खटकतं. जयपूर गायकीत अतिविलंबिताला, म्हणजे फार संथ लयीला, थारा नाही, लयीचं अंग सतत हलतं ठेवायचं असतं. मूर तेच करतो. त्याचे स्वर एकसारखे पडत राहतात, पण घड्याळासारखे नाही. मधूनच एखाद्या स्वरावर वजन येतं आणि पुन्हा पाऊल पुढे. गायक शब्दावर रेंगाळला तर हा थांबत नाही, घाईही करत नाही, जागा देतो. साथ म्हणतात ती हीच.

आता गंधाराची, म्हणजे सा-रे-ग मधल्या 'ग'ची गोष्ट. गाणं डी मायनरमधलं, म्हणजे आपल्या हिशेबात कोमल गंधाराचं. चाल सुरूच होते कोमल गंधारावरून आणि खाली उतरते. तीन कडवी असंच. चौथ्या कडव्यात, तुझी झोपमोड नको म्हणून पाय न वाजवता जातो, असं तो म्हणतो, आणि तीच चाल शुद्ध गंधारावरून उतरते. बदल एवढाच. फिशर-डिस्काऊ इथे आवाज निम्मा करतो, मूर त्याच्याही खाली जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, आता बरं झालं. ते काही बरं नसतं. शेवटची ओळ पुन्हा येते तेव्हा गंधार कोमल होऊन जातो. मारवा रागात पंचम नाही म्हणून जे होतं, तसलं काहीतरी इथे एका स्वराच्या अर्ध्या घरानं होतं. लई भारी!

पट्टीबद्दल जाणकार बरीच नाकं मुरडतात. ही गाणी मुळात उंच आवाजासाठी लिहिलेली आणि फिशर-डिस्काऊ बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुषी आवाज, म्हणून बरीचशी खाली उतरवून गायलेली. त्यानं मूड बिघडतो म्हणे. मला हे अर्धंच पटतं. आपल्याकडे कुणी काळी चारला गातं, कुणी पांढरी एकला, राग तोच राहतो. आणि शेवटचं गाणं खुद्द शुबर्टच्या हस्तलिखितात बी मायनरमध्ये आहे, छापलं गेलं एक स्वर खाली, ए मायनरमध्ये. पण पट्टी उतरली की पियानोचा डावा हात दाटतो, गढूळ होतो, हेही खरं. 'लिंडेनबाउम' या झाडावरच्या गाण्यातली पानांची सळसळ मला त्यामुळे जरा जड वाटली. तिथे गायक पीटर पीअर्स आणि पियानोवर बेंजामिन ब्रिटन यांची १९६३ ची रेकॉर्ड सरस. पीअर्स टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाज, सगळं मोकळ्या हवेत.

मधल्या वादळी गाण्यांत फिशर-डिस्काऊ शब्द फार चावतो. एकेका व्यंजनावर बोट ठेवून 'समजलं का?' विचारल्यासारखं. मी ती गाणी सोडून देतो.

शेवटच्या 'लायरमान'साठी मात्र पैसे वसूल. गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा राहून एक म्हातारा हातानं फिरवायचं वाद्य वाजवतोय, ताटली रिकामी, कुत्री गुरगुरतायत. पियानोच्या डाव्या हातात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त षड्ज-पंचम, म्हणजे सा आणि प. पहिल्या दोन मात्रागटांत पंचमाच्या आधी तीव्र मध्यमाचा एक निसटता कण लागतो, वाद्य सुरात येतंय असा, आणि मग तो कण पुन्हा येत नाही. मूर तो कण मुद्दाम ठळक करत नाही, म्हणून तो खरा वाटतो. गायकाचं वाक्य संपलं की पियानोचं लहानसं उत्तर, पुन्हा वाक्य, पुन्हा उत्तर. म्हाताऱ्याला विचारलेल्या शेवटच्या प्रश्नावर एकदाच जोर चढतो आणि लगेच विरतो. फिशर-डिस्काऊ इथे अभिनय टाकून देतो. सबंध रेकॉर्डमध्ये त्यानं असंच गायला हवं होतं.

रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, आवाज जरा जास्तच पुढे. मोबाइलच्या स्पीकरवर तो डावा हात ऐकूच येत नाही, हेडफोन लावा. कवितांचा अर्थ आधी वाचून ठेवा, ऐकताना वाचू नका. आणि अॅपवर ऐकणार असाल तर आपोआप पुढचं गाणं लागायची सोय बंद करा. माझ्याकडे 'लायरमान' संपताक्षणी कुठल्याशा लग्नाच्या बँडचा वाल्ट्झ सुरू झाला होता.